घरचं तंत्र : पिटुकल्या सेलला चार्जर कोणता?



कोजागरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं. मी मसाला घालायच्या मोठ्या जबाबदारीवर उभा होतो. तेवढ्यात आपल्यातलीच एक कॉलेजकन्या पुढे आली आणि प्लॅस्टिकची एक पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "काका, हे बघा."

पिशवीत बटन सेल होते. चकचकीत, रुपयाच्या नाण्याएवढे, सगळे संपलेले. नवरात्रात गरब्याला जाताना तिने चनिया-चोळीवर दिव्यांच्या तीन माळा लावल्या होत्या आणि प्रत्येक माळेला एक सेल लागायचा. एका रात्रीत तो मंदावायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीन नवे. नऊ रात्री, सत्तावीस सेल. आमच्या बाजारात एकेक तीस रुपयांना मिळतो. आठशे दहा रुपये झाले आणि वर हा कचरा.

"चार्ज होणारे मिळतात म्हणे. स्वस्तातला चार्जर कोणता घेऊ ते सांगा. आणि आजोबांच्या टॉर्चचे बारीक पेन्सिल सेलही त्यातच चार्ज झाले तर बरंच."

दूध उतू जाईल म्हणून तेव्हा मी "पुढच्या लेखात सांगतो" म्हणून सुटलो. पण खरं कारण दूध नव्हतं. "स्वस्तातला चार्जर" हे शब्द ऐकले की मला दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली एक रात्र आठवते. आधी ती सांगतो.

नानांचं यंत्र आणि माझा शहाणपणा

आमचे नाना तेव्हा ब्याऐंशीचे होते. मनगटाला बांधून रक्तदाब मोजायचं छोटं यंत्र त्यांच्या उशाशी असतं. त्याला दोन बारीक पेन्सिल सेल लागतात, ज्यांना दुकानात ट्रिपल ए म्हणतात. नानांच्या टॉर्चला तसलेच तीन लागतात. एकूण पाच. दर वेळी नवे आणायला नकोत म्हणून मी चार्ज होणारे पाच सेल आणि साडेतीनशे रुपयांचा एक चार्जर आणला होता. चार खाचा, एक लाल दिवा, एक हिरवा. रात्री लावायचा, सकाळी काढायचा. काय छान सोय, असं मलाच वाटायचं.

त्या रात्री अकराच्या सुमाराला नाना बाथरूममधून येताना भिंतीला धरून उभे राहिले. "चक्कर येतेय रे," एवढंच म्हणाले. त्यांना पलंगावर आडवं केलं, यंत्र मनगटाला बांधलं, बटण दाबलं. पट्टा जरासा फुगला आणि पडद्यावर सेलचं रिकामं चित्र आलं. मी टॉर्चमधले सेल काढून घातले. तेच. आदल्याच रात्री चार्जरवरून काढलेले सेल होते ते, हिरवा दिवा बघून काढलेले.

दुकानं बंद झालेली. बायको शेजारच्या भाभींकडे धावली. त्यांनी काही न विचारता टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून दिले. ते साधे, चार्ज न होणारे, कधी घातले होते त्यांनाही आठवत नव्हतं. यंत्र चाललं. वरचा आकडा नव्वदच्या खाली. डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा त्यांनी लगेच दवाखान्यात आणायला सांगितलं. बडोद्याचा मे महिना. नाना दिवसभर पाणी कमी प्यायले होते आणि रक्तदाबाची गोळी मात्र वेळेवर घेतली होती. सलाईन लागलं, सकाळपर्यंत बरे झाले.

घरी आल्यावर नाना एवढंच म्हणाले, "तुझ्या चार्जरपेक्षा त्यांचा टीव्ही बरा."

मी कलाभवनात शिकलो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्याची स्थापना केली ते कलाभवन. आज विद्यापीठाची तंत्रशाखा तिथे आहे आणि आम्ही बडोदेकर अजून तिला कलाभवनच म्हणतो. तिथे चार वर्षं वीजशास्त्र शिकलेल्या माणसाने विकत घेतलेल्या चार्जरची मागची बाजू वाचली नव्हती. त्या रविवारी पहिल्यांदा वाचली.

चार्जरच्या पाठीवर काय लिहिलेलं होतं

लिहिलं होतं : ट्रिपल एसाठी १५० मिलिअँपिअर. माझ्या सेलवर लिहिलं होतं : ७५० एमएएच. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलच्या पोटात किती मावतं त्याचं माप. ७५०ला १५०ने भागलं की पाच तास. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते म्हणून आणखी एक-दीड तास धरा. सहा-साडेसहा तासांत सेल भरला.

मी तो रात्री दहाला लावून सकाळी आठला काढायचो, कधी विसरलो तर संध्याकाळी. सेल भरल्यावर थांबायची अक्कल त्या चार्जरमध्ये नव्हती. भरलेल्या सेलमध्ये वीज ढकलत राहिलं की ती साठत नाही, तिची उष्णता होते. सेल गरम होत राहतो आणि आतून सुकत जातो. आणि तो हिरवा दिवा? तो "सेल भरला" असं सांगत नव्हताच. "वीज आहे" एवढंच सांगत होता. बाकीचं मी माझ्या मनाने ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. खाचा चार होत्या, पण सेल जोडीनेच चार्ज होत. एक घातला तर दिवाच लागायचा नाही. माझे सेल पाच. पाचव्याला जोडीदार हवा म्हणून मी नानांच्या यंत्रातला एक काढून लावायचो. तो पाऊण भरलेला, दुसरा रिकामा. रिकाम्याचं पोट भरेपर्यंत पाऊण भरलेल्याला दोघांचं जेवण. असं वर्षभर चाललं. पाचही सेल आळीपाळीने बिघडत गेले.

गंमत म्हणजे मीटर लावला तर प्रत्येक सेल सव्वा व्होल्ट दाखवत होता, म्हणजे ठणठणीत. पण सेल नुसता पडून असताना मोजलेल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवायचा नसतो. जुन्या टॉर्चचा पिवळा बल्ब जोडून मोजलं तर आकडा धाडकन खाली आला. आतून सुकलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. थोडी वीज मागितली तर तो देतो, जास्त मागितली की बसतो. टॉर्चचा एलईडी कसाबसा लागत होता. पण रक्तदाबाच्या यंत्राला पट्टा फुगवायचा पंप चालवायचा असतो, तो एकदम बरीच वीज ओढतो. त्यामुळे रोज संध्याकाळी पेटणारा टॉर्च बघून मी निर्धास्त होतो आणि यंत्र मात्र ऐन वेळी बसलं.

बारीक पेन्सिल सेलसाठी : पाच गोष्टी बघा

हे सेल निकेल मेटल हायड्राइडचे असतात, १.२ व्होल्टचे. चार्जर घेताना खोक्यावरची रंगीत चित्रं सोडून पुढचं तेवढं बघा.

पहिलं, प्रत्येक खाच स्वतंत्र हवी. एक सेल घातला तरी चार्ज झाला पाहिजे आणि प्रत्येक खाचेला आपला दिवा हवा. "दोन किंवा चार सेल चार्ज करा" असं लिहिलेलं दिसलं की तो जोडीवाला समजा आणि ठेवून द्या.

दुसरं, भरल्यावर आपोआप थांबणारा हवा. हा सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली उतरतं, काही मिलिव्होल्टच. चांगला चार्जर ती उतरंड ओळखून थांबतो. खोक्यावर "मायनस डेल्टा व्ही" किंवा उणे चिन्ह, त्रिकोण आणि व्ही असं छापलेलं असतं, ते शोधा. नुसतं "ऑटो कट" लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारा : वेळ संपली म्हणून थांबतो की सेल भरला म्हणून? नुसत्या घड्याळावर चालणारा चार्जर अर्धा भरलेला सेलही पूर्ण वेळ भरत बसतो.

तिसरं, ट्रिपल एसाठी वेगळा, कमी प्रवाह हवा. जाड पेन्सिल सेलमध्ये दोन हजार एमएएच मावतात, बारीकमध्ये साडेसातशे-आठशे. दोघांना एकच हजार मिलिअँपिअर देणारा "झटपट" चार्जर बारीक सेलला तापवून काढतो. बारीकसाठी ३०० ते ५०० मिलिअँपिअर ठीक. दोन-तीन तासांत काम होतं. फार कमीही नको, कारण प्रवाह अगदीच बारीक असला तर ती भरल्याची उतरंड चार्जरला दिसतच नाही.

चौथं, मोबाइलच्या अडॅप्टरवर चालणारा असेल तर उत्तम. घरात अडॅप्टर पडलेले असतातच, त्यामुळे किंमत कमी होते. अडॅप्टर मात्र बरा हवा. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर असतो. तो खरा की खोटा हे ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर बघता येतं.

पाचवं, पैसे वाचवायचेच तर खाचा कमी करा, अक्कल कमी करू नका. दोन खाचांचा शहाणा चार्जर आठ खाचांच्या आंधळ्या चार्जरपेक्षा शेवटी स्वस्त पडतो. माझा साडेतीनशेचा चार्जर पाच सेल खाऊन गेला, त्यांची किंमत त्याच्यात मिळवा म्हणजे हिशोब कळेल.

सेल घेताना "कमी स्वयंविसर्जन" प्रकारचे घ्या. असे सेल कारखान्यातून भरूनच येतात, म्हणून पाकिटावर "वापरायला तयार" किंवा "आधीच चार्ज केलेले" असं काहीतरी असतं. सान्यो कंपनीने २००५ साली एनेलूप आणला तेव्हापासून हा प्रकार रुळला. जुन्या प्रकारचे सेल नुसते ठेवून ठेवूनच काही आठवड्यांत बरेच रिकामे होत. हे महिनोन् महिने टिकतात. आणि बारीक सेलवर १५०० वगैरे आकडा दिसला तर हसून पुढे जा. एवढ्याशा पोटात तेवढं मावत नाही.

हल्ली बाजूला मोबाइलसारखं भोक असलेले, थेट केबल लावून चार्ज करायचे बारीक सेलही मिळतात. ते लिथियमचे, आत छोटं सर्किट बसवून बाहेर दीड व्होल्ट देतात. चांगले आहेत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांच्यावरचा मोठा आकडा बहुधा मिलिवॉट-तासांत असतो. ११०० मिलिवॉट-तासांचा सेल आणि साध्या ७५० एमएएचच्या सेलचे ९०० मिलिवॉट-तास, असा सामना असतो. वाटतो तेवढा फरक नाही. दुसरं म्हणजे ते चुकूनही निकेलवाल्या चार्जरमध्ये घालायचे नाहीत. तसाच दिसणारा आणखी एक सेल असतो, त्यावर १०४४० असा आकडा असतो. माप बारीक पेन्सिल सेलचंच, पण व्होल्टेज ३.७. तो दीड व्होल्टच्या जागी घातला तर यंत्र जळतं.

आता बटन सेल

कन्येच्या प्रश्नातला "त्यातच चार्ज झाले तर" हा भाग आधी निकालात काढतो. होत नाहीत. बटन सेलला वेगळाच चार्जर लागतो.

तिने पिशवीत दिलेले सेल सीआर २०३२ होते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर म्हणजे एकदाच वापरायचा, ३ व्होल्टचा. हा चार्ज करायचा नाही. कुठल्याही चार्जरमध्ये नाही, थोडा वेळही नाही. तो तापतो, फुगतो, फुटतो.

चार्ज होणारा असतो तो एलआयआर २०३२. माप तेच, दिसायलाही तसाच. फरक फक्त पाठीवरच्या अक्षरांचा. म्हणून दोन्ही प्रकार एका डबीत ठेवायचे नाहीत, हा पहिला नियम. (एमएल २०३२ नावाचा तिसराही असतो, तोही चार्ज होतो पण ३ व्होल्टच्या आसपास. तो एलआयआरच्या चार्जरमध्ये चालत नाही.)

एलआयआर सेल नेहमी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पोट मात्र लहान. सीआरमध्ये २२०च्या आसपास एमएएच मावतात, एलआयआरमध्ये फक्त ३५ ते ४५. मग उपयोग काय? उपयोग आहे, पण सगळीकडे नाही. वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, संगणकाच्या घड्याळात सीआरच बरा. तिथे वीज थेंबथेंब लागते, सेल वर्षानुवर्षं चालतो. शिवाय ३ व्होल्टसाठी केलेल्या यंत्राला ४.२ व्होल्ट सोसतीलच असं नाही. गरब्याच्या माळेसारखं दोन-तीन तास भराभर वीज ओढणारं काम असेल, रोज परत भरता येणार असेल, तिथे एलआयआर शोभतो. माळ १५ मिलिअँपिअर ओढत असेल तर ४० एमएएचचा सेल अडीच तास देईल. एका रात्रीचा गरबा भागला.

पण थांब. सेल बदलून लगेच माळ लावू नकोस. स्वस्त माळांमध्ये प्रवाह आवरायला रेझिस्टर घातलेलाच नसतो. सीआर सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध बराच असतो, त्याच्या भरवशावर माळ बनवणारा पैसे वाचवतो. एलआयआरचा रोध कमी आणि व्होल्टेज जास्त. तो जोडला की एलईडी झगमगतील आणि जळतील. म्हणून सेल आणि माळ यांच्या मध्ये एक रेझिस्टर जोड. पांढरे दिवे साधारण ३.१ व्होल्ट घेतात, ४.२मधून ते वजा केले की १.१ उरले, त्याला १५ मिलिअँपिअरने भागलं की सत्तरच्या आसपास ओहम. दुकानात ६८ ओहमचा मिळतो, अगदी किरकोळ पैशांत. लाल दिव्यांची माळ असेल तर त्यांना दोनच व्होल्ट पुरतात, म्हणून १५० ओहमचा. आणि दिवे मंदावले की माळ बंद करायची. पांढरे दिवे ३ व्होल्टच्या खाली आपणहून विझत आणतात, पण लाल दिवे सेलला तळापर्यंत पितात. तसा तळ गाठलेला लिथियम सेल पुन्हा नीट उभा राहत नाही.

बटन सेलचा चार्जर घेताना

इथे आकडे छोटे, म्हणून चूक मोठी.

४० एमएएचच्या सेलला २० मिलिअँपिअर योग्य, ४० ही कमाल. म्हणजे पूर्ण भरायला दोन-तीन तास लागायलाच हवेत. "अर्ध्या तासात फुल" असं लिहिलेला चार्जर घेऊ नका. भरण्याचं व्होल्टेज ४.२ हवं आणि तिथे पोहोचल्यावर चार्जर थांबायला हवा. घरी आणल्यावर भरलेला सेल काढून मीटरने मोजा : ४.१५ ते ४.२५च्या मध्ये असेल तर ठीक. त्याच्या वर दिसला तर चार्जर परत करा, वापरू नका. आणि खोक्यावर "सीआर आणि एलआयआर दोन्हीसाठी" असं लिहिलेलं असेल तर ज्याने ते लिहिलं त्याला या दोन्हींतला फरक कळत नाही असं समजा आणि दुसरं दुकान गाठा.

इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं म्हणतील, काका, पन्नास रुपयांत निळं टीपी ४०५६चं बोर्ड मिळतं की! मिळतं. ते १,००० मिलिअँपिअरवर लावलेलं असतं, म्हणजे आपल्या सेलला झेपेल त्याच्या पंचवीसपट. प्रवाह ठरवणारा रेझिस्टर बदलून तो कमी करता येतो, पण १० किलोओहम लावूनही सव्वाशेच्या आसपास उरतो. तरीही तिप्पट. स्वतः करायची हौस असेल तर एमसीपी ७३८३१ ही चिप बघा. ती १५ ते ५०० मिलिअँपिअरपर्यंत लावता येते आणि हिशोब सोपा : हजारला किलोओहमने भागायचं. ४७ किलोओहम लावला की २१ मिलिअँपिअर. हौस नसेल तर दोन खाचांचा तयार चार्जर घ्या, काही बिघडत नाही.

कन्येसाठी हिशोब असा. तीन सेल अंगावर, तीन चार्जरवर, म्हणजे सहा एलआयआर सेल आणि एक चार्जर. या सगळ्याची किंमत आठशे दहा रुपयांच्या आत बसली तर पहिल्याच नवरात्रात पैसे वसूल. थोडी वर गेली तरी पुढच्या वर्षी वसूल होतात. पण वर्षभर सेल रिकामे टाकून ठेवायचे नाहीत. अर्धे भरून, थंड जागी ठेवायचे. आणि नऊ रात्रींतली एकच रात्र गरब्याला जाणार असशील तर हा खटाटोप करू नकोस. तीन साधे सेल आण आणि मोकळी हो.

पिशवीबद्दल

आता ती प्लॅस्टिकची पिशवी. हे मला गच्चीवरच सांगायला हवं होतं, दुधाच्या गडबडीत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितलं, इथे सगळ्यांसाठी लिहितो.

तिच्या घरी दीड वर्षाचा भाचा आहे. ती पिशवी नऊ दिवस ड्रेसिंग टेबलच्या खालच्या खणात होती. वीस मिलिमीटरचा लिथियम बटन सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते आणि सेलच्या ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दिवा लावायला "संपलेला" सेलही एवढं करायला पुरेसा असतो.

मूल लाळ गाळेल, खोकेल, खायला नको म्हणेल; कधी काहीच दिसणार नाही. नुसता संशय आला तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. उलटी करवायची नाही, काही खायला द्यायचं नाही. एक वर्षावरच्या मुलाला, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असं अमेरिकेच्या विषबाधा केंद्राचं मार्गदर्शन आहे. पण मध शोधायला थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. सेल नाकात-कानात गेला तरी तितकीच घाई करा.

म्हणून वापरलेला सेल काढला की लगेच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत टाकायचा आणि बरणी उंच फळीवर ठेवायची. ज्या माळेच्या सेलच्या डबीला स्क्रू नाही ती माळ लहान मूल असलेल्या घरात आणायचीच नाही. बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायची. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा सेलची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात ते जायला नकोत.

फोनवर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, सत्तावीस मोजून बघते." दहा मिनिटांनी तिचा निरोप आला : सव्वीस आहेत. तिच्या आईने, आजीने, तिने मिळून अख्खं घर झाडलं. मी इकडे फोन हातात घेऊन बसलो होतो. पाऊण तासाने सत्ताविसावा सापडला, चोळीच्या अस्तरात. आठव्या रात्री घाईत बदलताना आत सरकला होता. भाचा पाळण्यात झोपलेला होता आणि त्याने कशालाच हात लावलेला नव्हता. पण त्या पाऊण तासाबद्दल तिची आई अजून बोलत नाही.

नानांच्या खणात

नाना आता चौऱ्याऐंशीचे. टॉर्चमध्ये चार्ज होणारे सेल आहेत, नव्या चार्जरवरचे. दोन वर्षं झाली, तेच तीन चालू आहेत. प्रत्येकावर मी पेनने क्रमांक आणि तारीख घातली आहे आणि तिघं नेहमी एकत्रच राहतात, त्यांची दुसऱ्या कुणाशी सरमिसळ नाही.

रक्तदाबाच्या यंत्रात मात्र आता साधे अल्कलाइन सेल आहेत. यंत्राच्या पुस्तिकेत तेच वापरा असं लिहिलं होतं, तेही मी आधी वाचलं नव्हतं. शेजारी न फोडलेलं दोन सेलचं पाकीट चिकटपट्टीने लावून ठेवलंय, वर संपायची तारीख मोठ्या अक्षरात. ज्या यंत्राची गरज मध्यरात्री पडते त्याच्यात काटकसर करायची नाही, एवढं मी शिकलो.

भाभींना त्या रात्रीचे सेल मी दुसऱ्याच दिवशी नवे आणून दिले. त्यांनी घेतले, पण हसून म्हणाल्या, "इतकं काय त्यात!" तुमच्याही शेजारी अशी कुणी भाभी असेल. तरी एक पाकीट घरात असू द्या.

दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा चार्जर हातात घ्या, उलटा करा आणि पाठ वाचा. चष्मा विसरला असाल तर बरोबरच्या मुलांना वाचायला लावा. पुढच्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि कुठलं घालायचं ते बघू. प्रश्न नेहमीसारखे मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. फक्त दूध आटत असताना नको.

शुभ दीपावली.